खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे फोटो काढण्यासाठी घेतलेला कॅमेऱ्याचा फ्लॅश: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवातीला हा फ्लॅश डोळे झाकून घ्या, असे मी भेटेल त्याला सांगत होतो. आज मात्र ज्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्याने सेलच्या कप्प्याचे झाकण स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रकाशाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून टाकीच्या वर तिरका बसवला, लेन्स काचेला काटकोनात धरली आणि काचेत माझेच प्रतिबिंब उमटू नये म्हणून मागे गडद रंगाची आपली सोलापुरी चादर टांगली, की १/२०० सेकंद, एफ/११ आणि आयएसओ २०० वर क्लाउनफिशच्या परांची एकेक रेघ स्पष्ट उमटते. टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश मोजून कॅमेराच फ्लॅशची शक्ती ठरवतो त्या पद्धतीत, चकाकणारा मासा समोर आला की फोटो काळवंडतो. शक्ती १/८ वर हाताने ठेवावी, हेच बरे.

फ्लॅशमुळे प्रवाळांचा रंग मरतो, अशी माझीही आधी तक्रार होती. निळ्या एलईडीखाली जे हिरवे तेज दिसते, ते फ्लॅशच्या पांढऱ्या प्रकाशात बुडून जाते, हे खरेच आहे. परंतु मे महिन्यात, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना आणि पाणी गार ठेवणाऱ्या चिलरलाही टाकीचे तापमान आवरत नसताना, फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका प्रवाळाच्या कडा फिकट पडलेल्या दिसल्या. उष्णतेने प्रवाळाच्या ऊतीतील शैवाल निघून जाऊ लागते, त्याची ती सुरुवात होती आणि निळ्या दिव्याखाली ती डोळ्यांना मुळीच जाणवली नव्हती. केवळ या एका कारणासाठी मी फ्लॅश वापरणे सोडणार नाही.

आता त्या झाकणाविषयी. त्याला रबरी पट्टीच नाही. स्किमरचे (पाण्यातील घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राचे) आणि पंपाचे बुडबुडे फुटताना खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडतात. पाणी सुकते आणि मीठ मागे राहते. उन्हाळ्यात हे मीठ कोरडे असल्याने काही बिघडले नाही, परंतु पावसाळी हवेत त्याने ओल धरली आणि फ्लॅश चार्ज व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेऊ लागला. झाकण उघडले, तर ऋण टोकाच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती आणि खालचा पत्रा खरवडल्यासारखा झाला होता.

सोलापुरात या कंपनीचे सेवा केंद्र नसल्यामुळे फ्लॅश कुरिअरने पुण्याला पाठवावा लागला. तिथून ‘द्रवामुळे नुकसान, हमी लागू नाही’ असा शेरा आणि फ्लॅशच्या जवळपास निम्म्या किमतीचा खर्चाचा अंदाज आला. फ्लॅशवर पाण्याचा थेंबही पडलेला नाही, आतील सर्किट कोरडे आहे, केवळ स्प्रिंग गंजली आहे, हे मी फोटोंसह कळवले. तरीही उत्तर तेच. दोन-पाच रुपयांची रबरी पट्टी वाचवायची आणि तिच्या अभावी झालेल्या गंजाचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

शेवटी फ्लॅश परत मागवला, सेल काढून ठेवले आणि आरओच्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या कापसाने मीठ टिपले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कप्पा पुसला आणि बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग घासली. शंभर रुपयांच्या आत काम झाले, फ्लॅश पूर्ववत चालू आहे. मात्र कॅपॅसिटरमध्ये सेल काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहतो, म्हणून कप्प्याच्या पलीकडचा एकही स्क्रू कोणी घरी उघडू नये.

सध्या फ्लॅश आणि पाणी यांच्यामध्ये मी एक सुटी काच ठेवतो, फोटो काढताना पंप थोडा वेळ बंद करतो आणि काम झाले की सेल बाहेर काढतो. गोड्या पाण्याची टाकी असलेल्यांनी हा फ्लॅश अवश्य घ्यावा. माझ्याकडून तीन तारे. हमीची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून नकाराचे कारण लेखी मागितले आहे आणि ते समाधानकारक नसेल, तर ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे.