जर्नल खरं, वेबसाइट खोटी: पैसे गेले आणि पेपरही अडकला

जे लोक सध्या पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहेत आणि "एक तरी स्कोपस पेपर पाहिजे" (स्कोपस म्हणजे जर्नल आणि त्यातल्या पेपरांचा आंतरराष्ट्रीय डेटाबेस) म्हणून हातघाईवर आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोगस जर्नल म्हटलं की आपल्याला वाटतं नाव काहीतरी अगडबंब असेल, वेबसाइट टपरीछाप असेल, बघताक्षणी कळेल. आमच्या केसमध्ये तसं काहीच नव्हतं. जर्नल खरं, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) खरा, स्कोपसमधली नोंद खरी. खोटी होती ती फक्त वेबसाइट. याला क्लोन जर्नल किंवा हायजॅक्ड जर्नल म्हणतात.

मी एका सायन्स-टेक्नॉलॉजी विद्यापीठात सिव्हिलमध्ये पीएचडी करतोय. विषय फ्लाय ॲशचं जिओपॉलिमर काँक्रीट, म्हणजे सिमेंटऐवजी औष्णिक केंद्रातली राख आणि सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम सिलिकेटचं द्रावण. काँक्रीटचे क्यूब टाका, ओव्हनमध्ये क्युरिंग करा, मशीनवर फोडा, आकडे लिहा, परत टाका. युजीसीने २०२२ च्या नियमावलीत थिसिसआधी पेपर छापायची सक्ती काढली हे खरंय, पण विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात आणि आमच्याकडे ती आहे. त्यात युजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, तेव्हापासून डिपार्टमेंटमध्ये एकच धोशा, स्कोपस, स्कोपस. एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमध्ये पेपर मोजताना स्कोपस आणि तसाच दुसरा डेटाबेस वेब ऑफ सायन्स यांचाच डेटा धरतात त्यामुळे वरच्यांनाही तोच आकडा हवा असतो, पेपरात काय लिहिलंय ते कोण वाचतंय.

तर स्कॉलर लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका एजंटचा मेसेज आला, "स्कोपस इंडेक्स्ड, फास्ट पब्लिकेशन, लिमिटेड स्लॉट". मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मी आणि एका सीनियरनी मिळून चेक केलं. स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये नाव टाकलं, सापडलं. आयएसएसएन जुळवला, जुळला. एका परदेशी सोसायटीचं जुनं जर्नल, मुख्यतः छापील निघणारं. मग गूगलवर नाव टाकलं तर पहिली वेबसाइट तीच जी एजंटने दिलेली. आता सांगा यात कोणाला शंका येईल. पण खेळ नेमका इथेच असतो, असली मंडळी मुद्दाम असंच जर्नल हेरतात ज्याची स्वतःची धड वेबसाइट नाही, मग त्या नावाचं डोमेन घेतात, तोच आयएसएसएन छापतात आणि दुकान सुरू. आपण जे जे तपासतो ते सगळं मूळ जर्नलचं असतं, पैसे मात्र यांच्याकडे जातात.

पेपर पाठवला आणि तीन दिवसांत ॲक्सेप्ट. रिव्ह्यू काय तर इंग्रजी सुधारा आणि नवे रेफरन्स टाका, बस्स. द्रावणाची मोलॅरिटी (तीव्रता) तीच का घेतली, क्युरिंगचं तापमान कसं ठरवलं, एक प्रश्न नाही. "सर, आज पेमेंट केलं तर याच इश्यूत जाईल." साडेअठरा हजार रुपये. यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं, विचारलं तर म्हणे आमचे इंडियाचे पार्टनर आहेत. जीएसटीचं बिल मागितलं तर पावती आली, त्यावर जीएसटी नंबर नाही पण होलोग्रामवालं सर्टिफिकेट मात्र प्रत्येक लेखकाला वेगळं. छापून आलेल्या पीडीएफमध्ये सगळ्या कॅपिटल एमचे स्मॉल एम झालेले, म्हणजे आमचं १२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड पेपरभर १२ मीटर झालंय. दुरुस्ती सांगितली तर करेक्शन चार्ज वेगळा!

उघडकीला आलं ते प्रोग्रेस मिटिंगमध्ये. बाहेरून आलेल्या एक्स्पर्ट सरांनी पेपर स्कोपसवर शोधला, जर्नल आहे पण पेपर नाही. मी म्हटलं सर इंडेक्स व्हायला वेळ लागतो (एजंटने पढवलेलं). सरांनी शांतपणे त्या वेबसाइटवरचा आमचाच अंक उघडून प्रोजेक्टरवर लावला. इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये आमच्या काँक्रीटच्या वर जीएसटीचा लहान व्यापाऱ्यांवर परिणाम आणि खाली हिंदी कवितेतली स्त्री. दर महिन्याला असा अंक, शेकडो पेपर. मग डोमेनची नोंद बघितली, जर्नल कित्येक दशकं जुनं आणि डोमेन घेतलेलं गेल्याच वर्षी. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) चालत होता म्हणून मी जरा निर्धास्त होतो, तर सरांनी दाखवलं की तो १०.५२८१ ने सुरू होतो, म्हणजे झेनोडोचा. झेनोडो ही युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेची चांगली, फुकट रिपॉझिटरी आहे, तिथे तुम्ही आम्ही कोणीही फाइल टाकून डीओआय घेऊ शकतो. त्याने जर्नल खरं ठरत नाही.

हे फक्त आपल्याकडच्या भोळ्या स्कॉलरांचं होतं असंही नाही. ॲना अबाल्किना नावाच्या संशोधिका गेली काही वर्षं हायजॅक्ड जर्नल शोधून काढताहेत, त्यांना खुद्द स्कोपसमध्येच अशी ६७ जर्नल शिरलेली सापडली होती, काहींची तर होमपेजची लिंकसुद्धा खोट्या साइटची. २०२३ च्या शेवटी स्कोपसने जर्नलच्या होमपेजच्या लिंकच काढून टाकल्या. अबाल्किनांची यादी रिट्रॅक्शन वॉच या साइटवर हायजॅक्ड जर्नल चेकर नावाने फुकट आहे, पैसे द्यायच्या आधी त्यात नाव टाकून बघा. पण यादीत नाही म्हणजे खरं असं धरू नका, आमचं तेव्हा नव्हतं. त्यापेक्षा भरवशाचं काम म्हणजे स्कोपसमध्ये त्या जर्नलचे अलीकडचे चार पेपर उघडा आणि तेच पेपर, तेच लेखक, तीच पानं वेबसाइटवरच्या अंकात आहेत का ते जुळवा. क्लोनवाल्यांना सहसा हे जुळवता येत नाही. आमच्या ग्रंथपालांनी हे बसल्या बसल्या करून दाखवलं, चहा यायच्या आत.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर कॉल केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. बँक म्हणते पेमेंट तुम्ही स्वतः केलंय. मूळ जर्नलच्या एडिटरना मेल केला, त्यांचं उत्तर आलं की या साइटबद्दल आम्हाला माहीत आहे, तुमच्यासारखे बरेच मेल येतात.

पैशाचं जाऊ द्या, खरी गोची पेपरची झालीय. तोच पेपर दुसऱ्या चांगल्या जर्नलला पाठवावा तर प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आमच्याच त्या पीडीएफशी जवळपास अख्खा मॅच होतो, आणि आधी कुठे छापलेला नाही असं डिक्लरेशन कोणत्या तोंडाने द्यायचं. एका जर्नलला सगळा प्रकार खरा खरा लिहून विचारलं, त्यांनी नम्रपणे नाही सांगितलं. शेवटी मॅडमनी ठरवलं की ॲसिडमधला टिकाऊपणा आणि पाणी शोषणाच्या टेस्ट नव्याने करायच्या आणि त्यावर वेगळा पेपर लिहायचा. म्हणजे परत क्यूब.

आणि ज्यांचा पेपर आधीच अशा ठिकाणी अडकलाय त्यांनी एक लक्षात ठेवा. काढून टाका म्हटलं की हे लोक विड्रॉल फी मागतात, आमच्याकडे पब्लिकेशन फीच्या निम्मी मागितली. आम्ही दिली नाही. शेजारच्या डिपार्टमेंटच्या एका मुलीने दिली, तिचा पेपर साइटवर अजून तसाच आहे, फक्त एजंटने तिला ब्लॉक केलंय.