आकुंचन कमी करणारं अॅडमिक्श्चर : औषध चांगलं, पण पथ्य पाळा

पुलाच्या स्लॅबला आडव्या भेगा पडल्या की पहिली शिवी साइट इंजिनिअरला. मी त्या पोटभर खाल्ल्यात, म्हणून या वेळी डेकला, म्हणजे पुलाच्या वरच्या स्लॅबला, हे द्रव अॅडमिक्श्चर (काँक्रीट कालवताना मिसळायचं रसायन) घातलं.

सुकताना काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत ओढतो. स्लॅब आकसू पाहतो, खालचे गर्डर (आधाराच्या तुळया) त्याला सोडत नाहीत, आणि भेग पडते. हे रसायन तो पृष्ठताणच उतरवतं. आम्ही सिमेंटच्या वजनाच्या २ टक्के घातलं आणि तेवढंच पाणी मिश्रणातून काढलं. प्लँटवाला हे हमखास विसरतो, डोक्यावर उभं राहावं लागतं.

त्रासही दिला. सेटिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होणं, लांबलं, फिनिशिंगची टोळी ताटकळली. काँक्रीटमध्ये मुद्दाम धरलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांचं प्रमाण पहिल्या ट्रायलला साफ ढासळलं. हवा धरणाऱ्या रसायनाचा डोस नव्याने बसवावा लागला. २८ दिवसांची ताकद किंचित कमी आली, पण मर्यादेत.

मागच्या स्पॅनवर (दोन खांबांमधल्या भागावर) महिन्याभरात सात भेगा मोजल्या होत्या, इथे दोन. त्यातली एक आमचीच करणी. दुपारी वारा सुटला आणि ओली गोणपाटं अंथरायला उशीर झाला. ताशी चौरस मीटरमागे १ किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की ताज्या काँक्रीटला धोका असतो, तिथे फवारा आणि झाकणच हवं. ‘क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) कमी चालेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

पाचपैकी चार तारे. पुढच्या स्पॅनलाही मागवलंय.