एमएस्सीला पैदास घ्यावी की रोगशास्त्र?

बीएस्सी अ‍ॅग्री झालेली बरीच मुलं सीईटीचा पसंतीक्रम भरताना आधी घराजवळचं विद्यापीठ बघतात, विषय मागून. माझं मत उलटं: आधी विषय, मग पीक, विद्यापीठ शेवटी.

पैदासशास्त्रात, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करण्याच्या शास्त्रात, तुमचं वेळापत्रक फूल ठरवतं. कपाशीचा संकर करायचा तर उद्या उमलणारी कळी आज दुपारीच हेरायची. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकदम सोलायची, आतल्या स्त्रीकेसराला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर वाणाचं फूल फिरवायचं. नवख्या हातांच्या कितीतरी कळ्या गळतात. एवढं करून संकरापासून सरळ वाण (ज्याचं बी राखून पुन्हा पेरता येतं) हाती यायला आठ-दहा वर्षं. एमएस्सी दोनच वर्षांची. म्हणून प्रबंधात बहुधा ‘लाइन बाय टेस्टर’सारखा (बरेच वाण मोजक्या वाणांशी संकरून जोड्या तपासायच्या) एखादा तुकडा येतो आणि उरलेला वेळ आकडेमोडीत जातो. संख्याशास्त्राचं वावडं असेल तर इकडे फिरकू नका.

रोगशास्त्रात, म्हणजे पिकांच्या रोगांच्या अभ्यासात, उत्तर लवकर मिळतं. डाळिंबाच्या पानावर डाग आहे. जिवाणूंचा तेल्या रोग की बुरशी? डागाच्या कडेचा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा मजा वाटते! बुरशी प्लेटवर वाढवायला मात्र आठवडा लागतो, आणि मध्येच भलतीच हिरवी बुरशी शिरली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बागायतदाराला हवं असतं एकच: ‘काय फवारू?’ ‘आता फवारून उपयोग नाही’ हे तोंडावर सांगायची तयारी लागते.

नोकरीचं म्हणाल तर पैदासवाल्यांना जालन्याच्या बियाणे कंपन्या, रोगशास्त्रवाल्यांना पीक-औषधांच्या कंपन्या आणि नाशिकच्या द्राक्षबागा. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षाचे रोग तिथे सल्लागाराला रिकामं बसू देत नाहीत. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा दोघांनाही बहुधा द्यावी लागते. डोक्यात एमपीएससीच असेल तर दोन्ही सोडून सरळ कृषिविद्या (अ‍ॅग्रॉनॉमी, पीक लागवडीचं शास्त्र) घ्या.

राहिलं पीक आणि त्यावरून कृषी विद्यापीठ. कापूस हवा तर अकोला, भात हवा तर दापोली, ज्वारी हवी तर परभणी, ऊस किंवा डाळिंब हवं तर राहुरी.

फॉर्म भरण्याआधी एकदा हंगामात दुपारी तीनला विभागात जाऊन या. पैदासची मुलं प्लॉटवर सापडतील, रोगशास्त्राची लॅमिनारपुढे (जंतुविरहित हवेच्या कपाटापुढे). दोन्हीकडे तासभर थांबा.