वडिलांचं कलेक्शन म्हणून कोणी ब्लू-रे प्लेअर विकत असेल तर आधी हे वाचा (माझे ५८,४९९ रुपये गेले)

लिहू की नको करता करता दोन महिने गेले. शेवटी बायको म्हणाली, अहो चोरी त्याने केलीय, तोंड तुम्ही का लपवताय. म्हणून लिहितोय. हे फ्रॉड कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर मीच दर महिन्याला "ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका" टाकत असतो. तरी गेले. आणि गेले ते लिंक उघडून नाही, ओटीपी देऊन नाही, स्वतः पिन टाकून गेले, हे जास्त जिव्हारी लागतंय.

मी डोंबिवलीत राहतो, इलेक्ट्रिकलची कामं घेतो, सत्तावीस वर्षं झाली. शनिवारी रात्री जेवणं आटपली की हॉलचे पडदे ओढायचे आणि प्रॉग्रेसिव्ह रॉकची एखादी कॉन्सर्ट पूर्ण बघायची, मध्ये उठायचं नाही, फोन आत ठेवायचा, एवढी एकच हौस आहे. हे बँड आपल्याकडे येतात किती? पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा बँड २००९ च्या डिसेंबरात आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलला आला होता तेव्हा पवईला गेलो होतो, असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळं घरीच. आणि डिस्क घ्यायला आता दुकान तरी कुठे राहिलंय, काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ ला बंद झालं तेव्हापासून जे काही मिळतं ते शौकिनांच्या ग्रुपवर, ओळखीतून, एकमेकांकडून.

यूट्यूबवर फुकट आहे की, असं म्हणणारे भेटतातच (पोलीससुद्धा म्हणाले, त्यावर येतो). त्यांनी एकदा पिंक फ्लॉइड बँडची पोम्पेईची कॉन्सर्ट फिल्म यूट्यूबवर बघावी, 'एकोज' गाणं रंगात आलेलं असताना मध्येच साबणाची जाहिरात येते तेव्हा कळेल. डिस्कवर पाच बाजूंनी आवाज येतो, मागच्या स्पीकरमधून वाऱ्याचा आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो. असो, ज्याला कळतं त्याला कळतं.

तर माझा प्लेअर दिवाळीच्या आधी बंद पडला, लेझर गेली. मला ऑपोचा २०३ हवा होता कधीपासून. ऑपोने ब्लू-रे प्लेअर बनवणं २०१८ लाच थांबवलं, त्यामुळे जो मिळेल तो जुनाच, आणि ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण चोराला हे पक्कं माहीत असतं. जी वस्तू नवीन मिळतच नाही तिच्यासाठी माणूस घाई करतो.

ग्रुपवर एक पोस्ट आली. नागपूरचा मुलगा, वडील वारले, वडिलांना हे संगीत फार प्रिय, मला यातलं काही समजत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, कोणी जाणकार घेईल का. ऑपो २०३ आणि चौदा डिस्क. पिंक फ्लॉइडची पल्स, पॉर्क्युपाइन ट्रीची ॲनेस्थेटाइझ, ड्रीम थिएटरची बुडोकान, शिवाय पिंक फ्लॉइडच्याच द लेटर इयर्सचा २०१९ चा अख्खा बॉक्स, सगळे मिळून ५२,०००. या भावात नुसता प्लेअर मिळणं मुश्कील. आता म्हणाल इथेच कळायला हवं होतं. पण वडील गेल्यावर मुलांनी पुस्तकं, रेकॉर्डी कवडीमोलाने दिलेल्या आपण बघितलेल्या आहेत ना? माझ्या डोक्यात तेच आलं, आणि खरं सांगतो, माझ्यामागे माझ्या डिस्कचं काय होणार हेही आलं.

मी काही लगेच पैसे पाठवले नाहीत. आधी एकच डीव्हीडी मागवली, रश बँडची रश इन रिओ, १,७५० रुपये. पाचव्या दिवशी आली. ओरिजिनल, आतलं पुस्तक जागेवर, ओरखडा नाही. त्याच रात्री माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर लावली. २००२ सालची ती कॉन्सर्ट आहे, रिओचं मराकाना स्टेडियम, चाळीसेक हजार लोक, आणि 'वायवायझी' या गाण्याला शब्दच नाहीत तरी पब्लिक ती धून गातं, उड्या मारत गातं. मी त्या नागपूरच्या मुलाला फोन करून सांगितलं, बाबा रे, तुझ्या वडिलांच्या डीव्हीडीने आज घरात दिवाळी झाली. तो गप्प झाला, मग म्हणाला, "काका, बाबा असते तर तुम्हा दोघांचं जमलं असतं." हे वाक्य अजून कानात आहे. छोटी ऑर्डर करून बघा हा सल्ला सगळे देतात ना, तो मी पाळला होता. त्या १,७५० च्या डीव्हीडीने माझे ५८ हजार नेले. पहिली वस्तू नीट आली म्हणजे माणूस खरा, हे डोक्यातून काढून टाका.

आता जे सांगतोय ते आठवलं की रात्री झोप उडते.

त्याच फोनवर तो म्हणाला, "बाबा ते पोम्पेईचं पण लावायचे काका, काय गर्दी असायची त्यात, लोक कसे नाचायचे." पोम्पेईत गर्दी! अहो पोम्पेईत एक प्रेक्षक नाही. १९७१ च्या ऑक्टोबरात त्या रिकाम्या दगडी रंगमंडळात चार माणसं आपली वाद्यं मांडून वाजवतात, भोवती फक्त तंत्रज्ञ, त्या फिल्मचं सगळं मोठेपणच ते आहे. ज्या घरात ही फिल्म पाच वेळा लागली असेल त्या घरातल्या स्वयंपाकघरातल्या माणसालाही कळेल की इथे टाळ्या नाहीत. आणि मी काय केलं? मी त्याला समजावून सांगितलं. अरे गर्दी ती रिओची, पोम्पेईत कोणी नसतं, कॅमेरा मागून सरकत जातो तेव्हा पेट्यांवर पिंक फ्लॉइड लंडन असं छापलेलं दिसतं, ते बघ कधीतरी. चाळीस मिनिटं बोललो. दोन दिवसांनी त्याने मेसेज केला, "काका तुम्ही सांगितलं तसं बघितलं, पेट्या दिसल्या, बाबांची फार आठवण आली." माझंच ज्ञान मला परत विकलं त्याने. मुलाला यातलं समजत नाही हे त्याने पोस्टमध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे काहीही चुकलं तरी माफ. हा डाव लक्षात ठेवा. "मला यातलं समजत नाही" म्हणणाऱ्याकडून घेताना दुप्पट तपासा, कारण प्रश्न विचारायची सोयच त्याने बंद केलेली असते.

नागपूरचा म्हणे, पण तासभर बोलण्यात एकदा "करून राहिलो" आलं नाही की "बे" आलं नाही. हेही नंतर सुचलं.

मग मी व्हिडिओ मागितला. आला. ऑपो चालू, ट्रे आत-बाहेर, टीव्हीवर पोम्पेई. बाजूला भिंत, भिंतीवर सॉकेट. दोन उभ्या चपट्या खाचा आणि खाली एक गोल भोक. अमेरिकन सॉकेट. मी सत्तावीस वर्षं सॉकेटच बसवतोय हो! माझ्या डोळ्यांनी ते बघितलं, बघितलं नाही असं नाही, व्हिडिओ थांबवून बघितलं, आणि स्वतःलाच उत्तर दिलं की वडील परदेशात असतील पूर्वी, प्लेअर तिकडचा असेल, त्यासाठी वेगळा पॉइंट काढला असेल. नागपूरच्या घरात कोण काढतो असा पॉइंट? कोणी काढत नाही. तो व्हिडिओ कुठल्यातरी अमेरिकन माणसाच्या घरचा उचललेला होता. मी विचारलंही नाही, कारण मला उत्तर नको होतं, प्लेअर हवा होता.

लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ म्हणजे काहीच नाही. कॉलवर त्याला सांगा आजची तारीख कागदावर लिहून प्लेअरवर ठेव, मागचा सिरीयल नंबर दाखव, डिस्कची खालची बाजू दाखव. मी कॉल मागितला तेव्हा त्याचा आवाज बदलला, "काका, आई अजून रडते त्या खोलीत गेली की, विश्वास नसेल तर राहू द्या, पुण्याचे दोघे तयार आहेत." मलाच अपराध्यासारखं झालं.

पैसे असे गेले. शुक्रवारी ॲडव्हान्स २६,०००. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, म्हणाला आईचं खातं, आडनाव माहेरचं. सोमवारी कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, त्यावर उरलेले २६,०००. तो नंबर साइटवर टाकला तर "माहिती उपलब्ध नाही", म्हणाला चोवीस तास लागतात अपडेट व्हायला. मंगळवारी "कुरिअर ऑफिसातून" दुसऱ्याच माणसाचा फोन, वस्तू नाजूक आहे, ट्रान्झिट इन्शुरन्स भरावा लागेल, डिलिव्हरीला परत मिळेल, ६,४९९. भरले. ५२ हजार अडकलेत म्हटल्यावर साडेसहासाठी कोण मागे हटतो, तिथे बसून बघा. बुधवारी परत त्याचाच फोन, माल ५० हजारांच्या वरचा आहे, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) काढायला ९,८०० भरा. तिथे डोळे उघडले, कारण ई-वे बिल माझ्या रोजच्या कामातलं आहे, ते काढायला एक रुपया लागत नाही आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागतच नाही. मी तसं म्हटलं. फोन कट. त्या मुलाला फोन केला, बंद. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवरचे त्याचे सोमवारपासूनचे मेसेज एकेक करून डिलीट व्हायला लागले, माझ्या डोळ्यांसमोर, आधी कुरिअरच्या पावतीचा फोटो, मग त्याखालचे बाकीचे. मी स्क्रीनशॉट काढेपर्यंत अर्धे गेले होते. तुम्ही व्यवहार सुरू होतानाच चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

आणि मग मी सगळ्यात मोठी चूक केली. बुधवारी रात्री कळलं आणि १९३० ला (सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाइन) फोन केला शुक्रवारी सकाळी. दीड दिवस घरात कोणाला सांगितलं नाही. लाजेपायी. १९३० वाल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक) घेतले, पावती नंबर दिला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे तोवर चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. शेवटच्या खात्यात ३,११२ रुपये सापडले तेवढे गोठवले. कळल्या क्षणी फोन करा, रडायचं ते नंतर रडा.

आता पोलीस. आमच्या भागातल्या चौकीत गेलो, ते म्हणाले तुमची बँकेची शाखा आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो, ते म्हणाले तुम्ही राहता तिकडे जा. मी म्हटलं साहेब, झिरो एफआयआर कुठेही घेता येते, नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये लिहिलंय. तर मलाच विचारलं, वकील आहात का? तिसऱ्या खेपेला एक कर्मचारी बसवून घेऊन बोलला. काय घेत होता? मी सांगितलं. "गाण्याच्या सीडीसाठी बावन्न हजार?" असं मोठ्याने म्हणाला, बाजूच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. "यूट्यूबवर फुकट दिसतं की सगळं." मी चौपन्न वर्षांचा माणूस, हातात फाइल घेऊन उभा. मी माझ्या कष्टाच्या पैशातून गांजा घेत होतो का? पन्नास हजारांचा मोबाइल चोरीला गेला असता तर कोणी विचारलं असतं का, एवढा महाग फोन कशाला हवा? चोरी झालेली वस्तू त्यांना पसंत असेल तरच चोरी धरायची का? शेवटी एफआयआर नाहीच, नुसता अर्ज घेतला, "लाखो-करोडोच्या केसेस पडल्यात, तुमचं बघू." त्या अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारायला साहेब जेवायला गेलेत, दीड तास बाकावर. त्यानंतर सहा वेळा गेलो. दोनदा अर्ज सापडला नाही. माझ्याकडच्या झेरॉक्सवरून त्यांनी त्यांचा अर्ज शोधला.

बँकेचं तर विचारू नका. तुम्हीच पिन टाकलात, हा अधिकृत व्यवहार आहे, आमची जबाबदारी नाही. नियम तसा आहे हे मला मान्य आहे, खात्यातून परस्पर पैसे गेले तर ग्राहकाला संरक्षण आहे, स्वतःहून पाठवले तर नाही. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले ते खातं कोणाच्या कागदांवर उघडलं? माझं स्वतःचं खातं चालू ठेवायला पुन्हा पुन्हा केवायसी, सही जुळत नाही म्हणून चेक परत, आणि ज्याचा धंदाच चोरी आहे त्याची चार-चार खाती बिनबोभाट चालतात? हे मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, ती आमची बँक नाही. आणि ते गोठवलेले ३,११२, ते परत घ्यायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं तेव्हा सांगितलं. वकिलाने फी सांगितली ५,०००.

अजून एक. तक्रार केल्यावर आठवड्याने एकाचा फोन आला, तुमचे पैसे रिकव्हर करून देतो, आधी ३,००० भरा. त्याला माझी रक्कम बरोबर माहीत होती, ५८,४९९. चोरच परत येतात, दुसऱ्या दाराने. फोन ठेवून द्यायचा, वाद घालायचा नाही.

शनिवार आला की पडदे ओढतो अजून, सवयीने. रश इन रिओ कपाटात मागे ठेवलीय. ओरिजिनल आहे, उत्तम आहे, पण लावायचा धीर होत नाही.

आणि परवा तीच पोस्ट परत दिसली, दुसऱ्या ग्रुपवर. तेच फोटो. ओळखायची खूण सांगतो, बॉक्सच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर गोल पिवळा स्टिकर आहे, अर्धा सोललेला, आणि प्लेअरच्या मागे भिंतीवर ते अमेरिकन सॉकेट. यावेळी गाव सोलापूर, वडिलांच्या जागी मामा वारलेत, किंमत ४८,०००. मी खाली लिहिलं, हा चोर आहे, पैसे पाठवू नका. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. तोवर खाली तिघांनी "इंटरेस्टेड" लिहिलेलं होतं. त्यातल्या दोघांना मी वेगळा मेसेज केला, एकाचं उत्तर आलं, "थँक्यू दादा, आज संध्याकाळीच ॲडव्हान्स पाठवणार होतो." तिसऱ्याने नंबर लपवलेला होता. तो तुमच्यापैकी कोणी असेल तर लगेच मला कळवा.