पाण्यावरची गाडी भारी, पण पावसात सोलर प्लेट घेऊन काय करू?

रत्नागिरीला कुरियर यायला आठ दिवस लागले ते सोडा. भाचीसाठी ही फ्युएल सेलवाली, म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या डबीवर पळणारी, खेळण्यातली गाडी मागवली, सोबतची सोलर प्लेट जुलैत आमच्याकडे काय कामाची, शेवटी पेन्सिल सेल जोडले तेव्हा कुठे पाण्यातून बुडबुडे सुटायला लागले, आणि एका नळीत दुसरीच्या दुप्पट गॅस, तोच हायड्रोजन, पोरगी डोळे फाडून बघतेय. मग पेन्सिल सेल काढून फ्युएल सेलची वायर मोटरला लावली तर गाडी सुळकन पडवीभर धावून सुपारीच्या पोत्यावर आपटली. धूर नाही, वास नाही, उरतं ते पाणीच!

आणि हो, विहिरीचं पाणी अजिबात घालू नका, फ्युएल सेलच्या आतला पडदा वाया जातो, गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. माझा पहिला फ्युएल सेल असाच गेला, विकणाऱ्याने बदलून द्यायला चक्क हात वर केले. माहितीपत्रक जर्मन, जपानी, चिनीत, मराठी सोडाच हिंदीपण नाही. हायड्रोजनसाठी देशादेशांची भागीदारी २००३ पासून आहे, भारत पहिल्यापासून त्यात आहे, मग एक पान आपल्या भाषेत छापायला काय जातं? तीन स्टार, तेही भाचीमुळे.