लॉफ्टमधला फोम आणि ५,०४० पाउंडांचा चुना

मंडळी, 'सरकारी योजनेतून लॉफ्टची', म्हणजे छपराखालच्या माळ्याची, 'मोफत तपासणी' असा फोन आला की लगेच ठेवून द्या. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं! पण त्या फोननंतर आलेला हा माणूस बूट बाहेर काढून घरात आला, सासूबाईंच्या पाया पडला नाही एवढंच.

इंग्लंडमधल्या रीडिंगमधलं आमचं १९३०च्या दशकातलं घर. लॉफ्टमध्ये घराची ऊब टिकवणारी जुनी ग्लासवूल, जेमतेम १०० मिलिमीटर. इथली शिफारस २७० मिलिमीटरची, म्हणजे वरून आणखी एक आडवा थर अंथरला की झालं. पण हा वर चढला, वाशात ओल मोजायचा मीटर टोचला आणि खाली येऊन टॅबलेटवर काळ्या बुरशीचे फोटो दाखवू लागला. "दोन हिवाळ्यांत छप्पर खाली येईल. छपराला आतून इन्सुलेशनचा फोम मारावाच लागेल."

त्या फोटोत पाण्याची टाकी होती. आमच्या लॉफ्टमध्ये टाकीच नाही! टाकीशिवाय थेट पाणी तापवणारा कॉम्बी बॉयलर आहे, टाकी आधीच्या मालकानेच काढलेली. फोटोतली ती टाकी मी डोळ्यांनी पाहिली आणि विचारलं काय, तर चहात साखर किती. शिकलेली बाई आणि एवढं कळेना, असं म्हणू नका. नवरा नाइट शिफ्टला, गॅसचं बिल समोर पडलेलं. अशा वेळी कोणाचं डोकं चालतं? वर मात्र स्वतः चढा, फोटो आपल्याच फोनने काढा.

४,२०० पाउंड अधिक २० टक्के व्हॅटचे ८४०. एकूण ५,०४०. १,०४० डेबिट कार्डाने, ४,००० बँक ट्रान्सफरने, कारण म्हणे 'क्रेडिट कार्ड चालत नाही'. का चालेल? १०० ते ३०,००० पाउंडांच्या खरेदीत क्रेडिट कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. आणि घरात इन्सुलेशन बसवण्यावर १ एप्रिल २०२२ पासून व्हॅट शून्य आहे. शून्य! घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, म्हणून त्याने 'काम लगेच सुरू करा' या कागदावर सही घेतली आणि त्याच आठवड्यात फोम मारून मोकळा झाला.

यंदा रीमॉर्गेजसाठी, म्हणजे घरावरचं कर्ज नव्याने घेण्यासाठी, घर तपासायला सर्व्हेअर आला. वासे फोमखाली गडप, लाकूड कुजलंय की नाही दिसत नाही, कडेने हवा खेळायच्या फटी बुजलेल्या. कर्ज नामंजूर.

२५ वर्षांची गॅरंटी देणारी कंपनी केव्हाच बंद. त्याच डायरेक्टरची दुसऱ्या नावाने सुरू. ग्राहक हेल्पलाइनने 'नोंद घेतली'. ते ज्यांच्याकडे तक्रार पाठवतात, त्यांच्याशी आपल्याला थेट बोलताच येत नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी वाद. फसवणुकीच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्यांनी तक्रारीचा एक नंबर दिला, मग तपास होणार नाही असं पत्र. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आणि काम तर झालंय ना? अहो, काम झालंय हीच तर तक्रार आहे!

आता 'नुकसानभरपाई मिळवून देतो, आधी फी भरा' असे फोन येतात. त्यांनाही दारात उभं करू नका. फोम खरवडून काढायचं कोटेशन आलंय ३,९५० पाउंड, व्हॅट वेगळा.