पिशवीतला बेल्ट माझ्या गाडीचा नव्हताच

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चिरकल्यासारखा आवाज यायचा आणि दोन मिनिटांत थांबायचा. एसी लावला की पुन्हा सुरू. गॅरेजवाल्याने जेमतेम पाच सेकंद कान दिला आणि म्हणाला, "साहेब, बेल्ट गेलाय, टेन्शनरपण संपलाय. रस्त्यात तुटला तर इंजिनच जाईल."

मी इथेच घाबरलो आणि फसलो. व्हॉल्व्ह-पिस्टनची वाट लागू शकते ती टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा वेगळा बेल्ट, तुटल्यावर. बाहेरचा हा लांब, वळणावळणाचा बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कम्प्रेसर, काही गाड्यांत स्टीअरिंगचा आणि पाण्याचा पंप फिरवतो; टेन्शनर म्हणजे त्याला ताणून धरणारी स्प्रिंगची पुली. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, आणि पाण्याचा पंप त्यावर असेल तर इंजिन तापू लागतं. तेव्हा लगेच गाडी बाजूला घेऊन बंद करायची. धोका आहेच, पण त्याने रंगवला तसला नाही.

संध्याकाळी बिलात बेल्ट, टेन्शनर, आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी) आणि "इंजिन उचलण्याची" मजुरी. जुना माल म्हणून तेलकट बेल्टची गुंडाळी पिशवीत घालून दिली. आवाज बंद होता, त्यामुळे मी खूश. पिशवी उघडूनही पाहिली नाही!

तीन आठवड्यांनी तोच आवाज. या वेळी टॉर्च घेऊन स्वतः वाकलो. बेल्टच्या पाठीवरचा छापील नंबर पार पुसलेला, आतल्या बाजूला चिकट चकाकी आणि त्यावर धूळ. आवाज दाबायचा स्प्रे मारला होता, तेवढंच. टेन्शनरच्या बोल्टवर जुना चिखल जसाच्या तसा वाळलेला होता. पाना लागला असता तर निदान कड तरी चमकली असती.

मग पिशवी उघडली. बेल्टवर लांबीने धारा असतात, त्या नखाने मोजल्या. पाच. गाडीतल्या बेल्टवर सहा. नंबरातला पहिला आकडा म्हणजे या धाराच: ६पीके१७५० म्हणजे सहा धारा, लांबी १७५० मिलिमीटर. पाच धारांचा बेल्ट माझ्या गाडीतून निघणं शक्यच नव्हतं.

टेन्शनर ठणठणीत निघाला. त्याचा काटा खुणांच्या मध्येच होता आणि बेल्ट काढल्यावर पुली हाताने फिरवली तर खरखर नाही. झिजला होता फक्त बेल्ट. भेग मात्र एकही नव्हती. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट बहुधा भेगा न पडता झिजतात, त्यामुळे भेगा शोधत बसू नका, खाचा किती खोल झाल्यात ते बघा.

नवा मीच बसवला. इंजिन बंद, किल्ली खिशात, बेल्ट कुठून कसा जातो त्याचा आधी फोटो. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवला, सैल झालेला बेल्ट वरच्या गुळगुळीत पुलीवरून सरकवला आणि टेन्शनर हळूहळू सोडला (झटक्यात सोडलात तर बोटं गेलीच). नवा चढवल्यावर प्रत्येक पुलीवर धारा खाचेत नीट बसल्यात का, हे बोट फिरवून पाहिलं. इंजिन उचलायचा प्रश्नच आला नाही. निम्मा वेळ तर पाना अडकवायला जागा शोधण्यात गेला.

पिशवी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाला, "पोरांनी चुकून दुसऱ्याची दिली असेल."

"मग माझी कुठंय?"

तेवढ्यात त्याला फोन आला. मला तरी रिंग ऐकू आली नाही.